सांगितलंस तर काय होईल?

एखादं मूल टेबलावर बसून शहाण्यासारखं "नाही दुखत" म्हणालं की मला अजूनही भीती वाटते. रडणारी, लाथा झाडणारी, हाताला चावणारी मुलं मला चालतात. एका मुलाच्या दातांचा व्रण माझ्या मनगटावर अजून आहे, आणि त्या मुलाची मी एक दिवसही काळजी केली नाही. गप्प मुलांनी मात्र माझी झोप घालवली आहे. ही भीती मला आमच्या सरांनी लावली. पुढे माझ्या चुकीमुळे एका सात वर्षांच्या मुलीचा उजवा हात जायची वेळ आली, तेव्हा ती भीती अंगात कायमची मुरली. त्या मुलीचं मला सांगायचंच आहे, पण आधी सर सांगायला हवेत.

सुरतेत, कतारगाममधल्या एका धर्मादाय दवाखान्यात सर लहान मुलांच्या फिजिओथेरपी विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, दोन टेबलं, एक मोठा चेंडू, सर आणि मी. सर मूळचे अमरावतीकडचे. तीस वर्षं सुरतेत काढूनही त्यांची गुजराती अशी होती की कोपर धरून रडणारं मूलही ती ऐकून क्षणभर थांबायचं. देह आडदांड, हातांवर दाट केस. मुलं त्या हातांना घाबरतात म्हणून सुरतेच्या मे महिन्यातही ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत आणि घामानं निथळत.

एवढा मोठा माणूस इंजेक्शनला मात्र टरकायचा. एकदा गंजका खिळा लागला तेव्हा धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी मला त्यांचा हात धरून उभं राहावं लागलं होतं. टेबलाच्या पायावर गुडघा आपटला तर अशी आरोळी ठोकत की समोरच्या औषधाच्या दुकानातला माणूस धावत येई. मी एकदा म्हटलंही, "सर, बाहेर पेशंट बसलेत, काय म्हणतील?"

"दुखलं तं ओरडलो. त्यात लाजाचं काय?" ते म्हणाले. "पोट्टे आयकून राहिले न! आयकू दे. त्याइले समजू दे का ओरडल्यानं कोनी मरत नाही."

दुसरी खोड नखांची. दिसेल त्या मुलाचं नख दाबायचं आणि सोडल्यावर त्यात गुलाबी रंग परत कधी येतो ते मोजायचं. दवाखान्यात ठीक आहे, पण सर सिटी बसमध्ये शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या बाळाचं नख दाबत. खमणाच्या गाडीवर उभ्या असलेल्या अनोळखी मुलीचं बोट त्यांनी असंच हातात घेतलं, तेव्हा तिच्या आईनं चांगलाच आवाज चढवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र "बरं आहे, रक्त बरं आहे" म्हणत खमण खात राहिले.

आमच्या खोलीत सहा चेहऱ्यांचा एक तक्ता होता. पहिला चेहरा हसरा, शेवटचा रडका. मुलानं बोट ठेवायचं आणि आपण तेवढं दुखणं कागदावर लिहायचं. सरांनी तो तक्ता भिंतीकडे तोंड करून टांगला होता. कारण विचारलं तर एका मुलाची गोष्ट सांगत. घोटा सुजून टम्म झालेला तो मुलगा रोज हसऱ्या चेहऱ्यावरच बोट ठेवायचा. आठवडाभरानं कळलं की शाळेत गृहपाठ चांगला झाला की बाई वहीवर हसऱ्या चेहऱ्याचा शिक्का मारतात. पोरगं आपलं रोज शिक्का मागत होतं.

तक्त्याऐवजी सरांचं एक स्टीलचं ताट होतं. त्यात घासकागदाचा तुकडा, ओला स्पंज, जरीचा गुंता, एक जड नट-बोल्ट आणि लूमचा, म्हणजे कापडाच्या मागाचा, जुना धोटा. "यातलं कोनतं आत बसलं हाय?" असं ते मुलाला विचारत. वाटायला पोरखेळच वाटायचा. पण एका लूम कामगाराच्या मुलानं धोटा उचलला आणि कंबरेपासून टाचेपर्यंत सटासट फिरवून दाखवला, तेव्हा सरांनी त्याचा व्यायाम तिथल्या तिथे थांबवून त्याला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. दुखणं स्नायूचं नव्हतं, पाठीत शीर दबली होती.

आईबापांना ते मुलाकडे पाठ करून बसवत. मूल उत्तर देण्याआधी आईचं तोंड बघतं, असं त्यांचं म्हणणं. आणि "काही नाही होत" हे शब्द त्या खोलीत उच्चारायचे नाहीत. जालन्याकडचा एक बांधकामावरचा मुकादम आपल्या मुलाला सारखा "काही नाही होत रे, मर्द ना तू?" म्हणत होता. सर त्याला म्हणाले, "भाऊ, तुमच्या कमरेत मी कोपर घालतो अन् म्हनतो काही नाही होत. चालते?" मुकादम हसला. सरांनी खरंच बाह्या सरसावल्यावर मात्र निमूट पाठ करून बसला.

हे सगळं झालं की तीन प्रश्न. दुखणं कुठं राहतं? ते आणखी कोणाला माहीत आहे? आणि सांगितलंस तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नावर सर अडून बसत. एकेका मुलापाशी दहा-दहा मिनिटं. उत्तर आलं की मुलाच्याच शब्दांत एका शाळेच्या वहीत उतरवून घेत. "सांगितलं तर सुई टोचतील." "सांगितलं तर मम्मी रडेल." "सांगितलं तर मला गावाला नेणार नाहीत." एका चिमुरड्यानं सांगितलं होतं, "मी भावाला ढकललं म्हणून दुखतंय. सांगितलं तर सगळ्यांना कळेल." ते वाचून मी हसले होते. सर हसले नव्हते.

खरं सांगते, मला या सगळ्याचा वैताग यायचा. बाहेर रांग दारापर्यंत गेलेली, आत सर पाच वर्षांच्या मुलाशी दुखण्याच्या पत्त्यावर चर्चा करताहेत! मी नवी होते, उधन्याच्या लूम कामगाराची मुलगी, आमच्या अख्ख्या गल्लीत फिजिओथेरपीची पदवी घेतलेली पहिली. मला भराभर काम करून दाखवायचं होतं. सर बारडोलीच्या केंद्रावर जात त्या शनिवारी मी भिंतीवरचा तक्ता सरळ करून रांग झरझर संपवत असे.

ती मुलगी नेमकी शनिवारी आली.

श्रावण होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, कानबाई बसायची होती. आम्हा खानदेशी माणसांचं हे घरचं दैवत. नारळाला देवीचं रूप देऊन, दागिने घालून चौरंगावर बसवायचं, भाऊबंद गोळा करून गव्हाच्या रोटाचा प्रसाद खायचा, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी तापीत निरोप द्यायचा. आमच्या घरीही कानबाई येणार होती. आईनं सकाळीच बजावलं होतं, "दुपारपर्यंत ये, गहू दळून आणायचेत." त्यामुळे माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं.

मुलगी आदल्या संध्याकाळी पडली होती. घराची साफसफाई चाललेली, ही पिंपावर चढून फळी पुसायला गेली आणि कोपरावर आदळली. रात्री प्लास्टर झालं आणि सकाळी बोटं दाखवायला, बोटांचा व्यायाम शिकायला तिला बोलावलं होतं. आईबरोबर आली. आई दमलेली, मुलगी चुपचाप. मी म्हटलं, "बोटं हलव बरं." तिनं जराशी हलवली. मी माझ्या हातानं तिची बोटं सरळ केली, तर ती छताकडे बघत राहिली. मी तक्ता पुढे केला, तिनं हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. आई तिच्या अगदी समोर उभी होती. तिला पाठ करायला सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. मी कागदावर "दुखणे नाही" असं लिहिलं, हात उशीवर उंच ठेवायला सांगितलं आणि पुढचं नाव पुकारलं.

चार वाजता मी घरी गहू निवडत बसले होते. सरांचा फोन आला. शनिवारी ते बारडोलीहून फोन करून एकेका मुलाबद्दल विचारत, ही त्यांची आणखी एक खोड. मी भराभर सांगत गेले. या मुलीपाशी आले आणि म्हटलं, "कोपराचं ताजं फ्रॅक्चर, सात वर्षं, अजिबात दुखत नाही म्हणाली."

सरांनी मला तिथेच थांबवलं.

"कालच मोडलं न?"

"हो."

"अन् अजिबात दुखत नाही?"

"हो सर, हसऱ्या चेहऱ्यावर..."

"बोटं सरळ केली तं काय केलं तिनं?"

"काही नाही. वर बघत होती."

"तिसरा प्रश्न इचारला का व?"

नव्हता विचारला. मोडलेलं कोपर आणि दुखत नाही? पुस्तकात पहिल्याच वर्षी वाचलेलं असतं की प्लास्टरच्या आत सूज वाढली तर हाताचे स्नायू गुदमरतात, काही तासांत मरतात, आणि त्याची पहिली खूण म्हणजे बोटं सरळ केली की होणारी असह्य वेदना. ती खूण मी स्वतःच्या हातानं तपासली होती. फक्त उत्तर तक्त्यावरून घेतलं होतं.

"मी निघालो," सर म्हणाले. "तू पत्ता काढ."

दवाखान्यातून मिळालेला पत्ता होता लिंबायतचा, सोसायटीचं नाव होतं आणि घर नंबराच्या जागी रेघ. फोन बापाचा. तो लूमवर, घंटी वाजत राहिली. लूमच्या खडखडाटात फोन कोणाला ऐकू येतो? माझे वडीलही कधी उचलत नसत. सर बारडोलीहून येईपर्यंत मी दोन गल्ल्या पालथ्या घातल्या. "हाताला प्लास्टर घातलेली मुलगी कुठं राहते?" कोणी उजवीकडे दाखवी, कोणी डावीकडे. दर तिसऱ्या दाराला तोरण लागलेलं. मला सारखी तिची बोटं दिसत होती, आणि दर वेळी मनात ती काळसर होत चालली होती.

सर आले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. शर्ट भिजलेला, चेहरा पांढरा. मला वाटलं आता बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुमचे लोक आज कुठं भेटतात सारे?"

तेव्हा कुठे माझं डोकं चाललं. पिठाची गिरणी! रोटाचे गहू त्या दिवशी धुतलेल्या गिरणीवरच दळतात, आणि प्रत्येक घरची बाई तिथे रांगेत असते. आम्ही धावतच गेलो. गिरणीवाल्याला पुरतं विचारायच्या आतच रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "पिंपवरथून पडनी तीच ना? पानी टाकीजोडे."

टाकीजवळच्या घरात दहाबारा बायका होत्या. पुरणाचा वास, भिंतीला ताजा रंग, मधोमध रिकामा चौरंग. मुलगी खाटेवर, हात उशीवर. तिची आई मला ओळखून हसली आणि कौतुकानं म्हणाली, "बेन, गुनी पोर शे मन्ही. सकायपाईन एक शब्द बोलनी नई."

सरांनी ते ऐकलं आणि त्यांचा हात दाराच्या चौकटीवर गेला.

ते खाटेपाशी खाली जमिनीवर बसले, तिच्यापेक्षा खाली. नख दाबलं. रंग आला. मी सुटकेचा श्वास घेतला, तर ते माझ्याकडे न बघताच पुटपुटले, "नखावर जाऊ नको. नख लय उशिरा सांगते." मग त्यांनी तिचं मधलं बोट सूतभर सरळ केलं. मुलीनं आवाज केला नाही. डाव्या हातानं फ्रॉकची कड घट्ट पिळली, ओठांवर घामाचे थेंब आले. सकाळी मी हे पाहिलंच नव्हतं, कारण मी तक्ता पाहत होते.

सरांनी तिसरा प्रश्न विचारला, त्यांच्या हिंदीत, मग गुजरातीत. मुलीनं खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या फुईकडे पाहिलं. फुई म्हणजे आत्या, गावाहून रोटासाठी आलेली. सर उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "सगळ्या बायांनी जरा पाठ करा. दोन मिनिटं." दहाबारा बायका, हाताला पुरण, एकमेकींकडे बघत चक्क भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. एरवी मला हसू फुटलं असतं.

"तू इचार," सर मला म्हणाले. "तुमच्या बोलीत."

मी तिच्या कानाशी गेले. "तू सांगशी ते काय व्हई?"

ती अगदी हळू म्हणाली, "कानबाई येवाव नई."

हे मला माहीत होतं. कुठल्या पोथीत नसेल, पण आमच्या घरीही म्हणतात, कानबाई यायच्या आदल्या दिवशी घरात रडारड नको, नाहीतर ती येत नाही. मी स्वतः नऊ वर्षांची असताना तापानं फणफणत दिवसभर हसत होते. साऱ्या सुरतेत हे उत्तर ओळखायला माझ्याइतकं लायक माणूस नव्हतं, आणि मी सकाळी ते विचारलंच नव्हतं. मला घरी जायचं होतं, गहू दळायला.

सर माझ्याकडे पाहत होते. "कोन नाही येनार?"

त्यांना उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी मुलीला सांगितलं की आमच्याकडेही कानबाई येते, ती आई आहे, आणि लेकरू दुखणं लपवून बसलं असेल तर कुठली आई दारातून आत पाऊल टाकेल? मी जे सांगत होते ते खरं की खोटं मला माहीत नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"दुखस," ती म्हणाली. "भलतं दुखस." आणि जी रडली! भिंतीकडे तोंड केलेल्या सगळ्या बायका एकदम वळल्या.

फुई म्हणाली, आज घरातून दवाखान्यात कसं जायचं, उद्या सकाळी बघू. सरांनी तोंड उघडलं, पण त्यांना बोलावं लागलं नाही. मुलीच्या आईनं पुरणाचे हात पदराला पुसले, मुलीला उचललं आणि चौरंगाला वळसा घालून दाराबाहेर पडली. रिक्षात ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी तिले गुनी म्हनत होतू." सर समोर ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर लटकत बसले होते. मी मुलीचा हात उंच धरला होता, आणि ती पूर्ण रस्ताभर रडत होती. मला आयुष्यात कुठल्याच आवाजाचा एवढा आधार वाटला नव्हता.

सात वाजायच्या आत प्लास्टर आणि खालचा कापूस उभा चिरला. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून सर्जननी लगेच ऑपरेशनला घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर हात उरला असता, पण हाताचं काम उरलं नसतं. सर तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडले. लोक बघत होते. मी शेजारी बसले. मला रडू येत नव्हतं.

त्यांनी मला कधीच बोल लावला नाही. चार दिवस माझ्याशी जरुरीपुरतंच बोलले आणि पाचव्या दिवशी ती वही माझ्यापुढे सरकवली. मुलीचं उत्तर माझ्या हातानं लिहायला लावलं. एवढी कसली भीती तुम्हाला, असं मी त्यांना पुढे एकदा विचारलं होतं. तेव्हा ते "अमरावतीले एक पोट्टं होतं" एवढं म्हणाले आणि उठून पाणी प्यायला गेले. पुढचं मला कधी कळलं नाही. आता ते निवृत्त होऊन तिकडेच राहतात आणि तीन प्रश्न मी विचारते. रांग लांबते, लोक कुरकुरतात.

ती मुलगी ऑपरेशनच्या जखमा भरल्यावर व्यायामाला आली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आखडलेली, ताणायला हवी होती. मी सरांना म्हटलं, तिला तुम्हीच घ्या. ते म्हणाले, "तूच घे. पन एक ध्यानात ठेव. तिनं सांगतलं अन् तुझा हात थांबला नाही, तं ती पुन्हा कोनालेच सांगनार नाही."

मी तिची बोटं हातात घेतली. हळूहळू सरळ करायला लागले. तिनं छताकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"दुखस," ती म्हणाली.

मी थांबले. पूर्ण थांबले, बोटं सोडून दिली. ती माझ्या हातांकडे बघत राहिली, परत पुढे येतात की काय म्हणून. हात आले नाहीत. बाहेर रांगेत कोणीतरी माझं नाव घेऊन कुरकुरत होतं. बऱ्याच वेळानं तिनं आपणहून बोटं माझ्या तळव्यावर ठेवली आणि म्हणाली, "आते कर."